जवळ, पण कोणाच्या?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर सालेकसा किंवा देवरीकडच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीतील कामासाठी भंडारा गाठावे लागे; पुढे कचेरीच गोंदियाला आली. या अनुभवामुळे असेल, पण एखादी संस्था ‘जवळ’ आली की न्याय झाला, असे आपण धरून चालतो. कोणाच्या जवळ, हे विचारायचे राहून जाते.

उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत हा प्रश्न उघडा पडला. तेथील मोठ्या संघांचे दुय्यम संघ लहान शहरांतून खेळतात. होतकरू खेळाडू तेथे घडतात आणि वर कोणी जायबंदी झाला की त्यांना तातडीचे बोलावणे येते. लॉस एंजलिसच्या ‘किंग्ज’चा ‘मोनार्क्स’ हा संघ २००१ पासून खंडाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टरला होता. जानेवारी २०१५ मध्ये असे पाच संघ कॅलिफोर्नियात हलवण्याचे जाहीर झाले. मोनार्क्ससाठी ठरलेले ऑन्टॅरिओ (कॅनडातील प्रांत नव्हे, कॅलिफोर्नियातील शहर) लॉस एंजलिसच्या अगदी शेजारी. जायचे ठरलेले असताना त्याच मुलांनी जूनमध्ये मँचेस्टरला पहिलावहिला कॅल्डर चषक मिळवून दिला!

मालकांची बाजू पोकळ नव्हती. बोलावणे आलेल्या तरुणाचा खंडभराचा प्रवास वाचणार होता, प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर राहणार होती. सरावाला वेळ मिळावा म्हणून कॅलिफोर्नियातील संघांचे सामनेही ७६ ऐवजी ६८ ठेवण्यात आले. खेळाडूचे हित त्यात होते, हे मोकळेपणाने मान्य करावे.

तरीही मन स्वस्थ होत नाही. आपल्याकडचा गुणी मुलगा नागपूरला खेळायला जातो तेव्हा गाव त्याला कौतुकाने निरोप देते. मुलगा जातो, मैदान राहते. येथे चौदा हिवाळ्यांचा जिव्हाळाच उठून गेला. कायद्याने तो संघ मँचेस्टरचा कधीच नव्हता, हे खरे. पण ज्यांच्या प्रेमावर एखादी गोष्ट वाढली, त्यांचे देणे तिकिटाच्या पैशात फिटते काय? मला तसे वाटत नाही. निदान त्यांना निर्णयात विचारले जावे, एवढे तरी त्यांचे येणे लागते.

भरपाई मोठी चमत्कारिक झाली. ऑन्टॅरिओत आधीपासून खेळणारा खालच्या श्रेणीचा संघ मँचेस्टरला धाडण्यात आला आणि त्यालाच ‘मोनार्क्स’ हे नाव मिळाले. म्हणजे नाव तेवढे जागचे हलले नाही. हा संघ तेथे चार हंगाम खेळला आणि २०१९ मध्ये बंद पडला.