गुरुऋणाचा करारनामा

आमच्या मास्तरांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवावयाचे ठरले. ती शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यालाच द्यावी, यावर दुमत नव्हते. वाद निघाला तो एका कलमावर: पुढे तो शिक्षक झाला नाही, तर पैसे परत घ्यावेत काय? सर्वांनी होकार दिला. मी गप्प राहिलो.

मास्तरांनी माझी परीक्षेची फी भरली, तेव्हा ‘मीही शिक्षक होईन’ असे मी त्यांना म्हणालो होतो. आणि झालो बँकेत कारकून! मास्तरांनी त्याचा कधी उच्चारही केला नाही. पण दिवाळीला त्यांच्या पाया पडायला जाताना माझे पाऊल उंबऱ्यावर अडखळत असे.

मला बाबासाहेब आंबेडकर आठवले. १९१३ साली परदेशी जाताना त्यांनी बडोदे संस्थानाला दहा वर्षे नोकरीचा करार लिहून दिला होता. पण अस्पृश्य म्हणून बडोद्यात राहायला जागा मिळेना, आणि १९१७ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, तेव्हा मात्र काहीच लिहून घेतले नव्हते. त्या पुस्तकापासून निघालेली वाट १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली.

‘आपली इच्छा मुलाच्या कानावर घालू; पुढचे त्याच्या मनावर सोडू,’ मी म्हणालो. कलम खोडले गेले. माझ्या वर्गणीचा आकडा मी दुप्पट केला. तरी तो उंबरा काही डोळ्यांपुढून हलत नाही.