पिठाचा कोंबडा

डिसेंबरच्या उत्तरार्धात आमच्या या भागात दोन सण एका आठवड्याच्या अंतराने येतात. अठरा तारखेला अहिवाऱ्याच्या आसपासच्या गावांतून गुरू घासीदासांची जयंती साजरी होते. जैतखामावर शुभ्र पालो चढतो आणि पंथी नर्तकांचा मांदर रात्रभर घुमत राहतो. पंचवीस तारखेला भिलाईच्या पोलाद वसाहतीतील ख्रिस्ती घरांवर कागदी तारे लागतात. नंदिनीच्या खाणीतील चुनखडी भिलाईच्या भट्टीकडे नेणारा रस्ता या दोन्ही जगांना जोडतो; परंतु ताटाच्या बाबतीत ही दोन जगे परस्परांहून फार दूर आहेत, असे मी समजत होतो. गेल्या नाताळात ती एकाच मेजावर आली, आणि त्यातून जो प्रश्न उद्भवला तो मला वाचकांपुढे ठेवण्याजोगा वाटतो.

आमच्या एका मल्याळी स्नेह्यांच्या कन्येने प्राणिज पदार्थ सर्वथा वर्ज्य केले आहेत. दूध नाही, तूप नाही, मधही नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंथाला ‘व्हीगन’ हे नाव दिले. मात्र नाताळच्या रात्री मेजाच्या मध्यभागी भाजलेल्या मांसाचे मोठे ताट हवे, हा तिच्या आजीचा आग्रह. तेव्हा मुलीने गव्हाचे पीठ मळून, ते पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन त्यातले सत्त्व काढून टाकले. उरलेल्या चिवट गोळ्यात बेसन, मिरी, दालचिनी घालून तो फडक्यात बांधला, उकडला आणि वरून खोबरेल फासून भट्टीत खरपूस भाजला. सुरीने काप काढताना त्याचे धागे असे सुटत होते, की आजन्म शाकाहारी असलेल्या माझ्या पत्नीने नकळत खुर्ची मागे घेतली.

आमच्या कार्यालयातले एक वयस्क सतनामी गृहस्थही पंक्तीला होते. त्यांनी ताटली हळूच पुढे सरकवली. “काका, गेहूँ ही तो है,” मुलगी म्हणाली. ते हसून म्हणाले, “बेटी, हमारे घर में तो मसूर भी नहीं आती थी. मसूर में कौन-सा खून है?”

या उत्तराने मी कित्येक दिवस अस्वस्थ होतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, की सतनामी मद्यमांसाबरोबर मसूर, टोमॅटो आणि मिरचीही वर्ज्य मानतात, कारण त्यांचा रंग रक्ताची आठवण देतो. एकीकडे सादृश्यापुरताही पदार्थ टाकून देणारे व्रत. दुसरीकडे प्राण्याला धक्का न लावता ते सादृश्य कष्टाने घडविणारे. दोघेही अहिंसेचेच नाव घेतात.

ही शंका नवी नाही. उज्जयिनीचा राजा यशोधर याची कथा जैन वाङ्मयात प्रसिद्ध आहे. सोमदेवसूरींनी ती ९५९ साली ‘यशस्तिलका’त सांगितली, त्याच शतकात मान्यखेटच्या पुष्पदंताने ती अपभ्रंशात रचली, आणि आपल्या विदर्भातील कारंज्याच्या ग्रंथमालेत डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ साली ते ‘जसहरचरिउ’ संपादून प्रसिद्ध केले. राजाला दुःस्वप्न पडले, म्हणून माता चंद्रमती देवीला पशू बळी देण्यास सांगते. राजा नाकारतो. अखेर तडजोड होते : पिठाचा कोंबडा करावा, तो देवीपुढे कापावा आणि प्रसाद म्हणून खावा. एवढ्या एका कृत्यापायी मायलेकांना मोर आणि कुत्रा यांपासून कोंबड्यापर्यंतचे पशुजन्म भोगावे लागतात. पीठ कापले, पाप मात्र खरे!

या न्यायाने त्या मुलीचे काय होणार? मला वाटते, काहीच नाही. यशोधराने कोंबडा ‘कोंबडा’ म्हणूनच कापला. खऱ्या वधाचे फळ त्या पिठातून मिळावे ही त्याची इच्छा होती. कोल्हापुरात ललितापंचमीला त्र्यंबोलीपुढे कोहळा फोडतात, तेव्हा तेथेही कोहळा असुराच्या जागी उभा असतो. मुलीच्या मनात वध मुळी नव्हताच. तिला हवी होती ती चव, आणि आजीचे समाधान.

येथे कोणी गांधीजींची शेळी पुढे आणील. गाईम्हशींच्या दुधाचा त्याग केलेल्या गांधीजींनी आजारपणात शेळीचे दूध घेतले, आणि प्रतिज्ञेचे अक्षर राखले तरी तिचा आत्मा राखला नाही, हे आत्मकथेत स्वतःच सांगितले. पण शेळीलाही करडू असते, गव्हाला नसते. दृष्टांत लागू पडत नाही.

मग आक्षेप उरतो तो वासनेचा : मांस सोडले तर मांसाची ओढही सुटावयास हवी. हा आक्षेप आपण फार सहज घेतो, कारण आपल्या परंपरेने अहिंसा आणि वैराग्य एकाच ताटात वाढून दिली आहेत. मुलीने वैराग्याचे व्रत घेतलेच नव्हते. न घेतलेल्या व्रताचा भंग तिच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. आणि ज्यांचा शाकाहार जन्माने, बहुधा जातीने मिळालेला आहे, त्या आम्ही तर ते मुळीच करू नये.

त्या सतनामी गृहस्थांची गोष्ट निराळी. ज्या समाजाला जातीच्या नावाने मेल्या ढोराशी आणि चामड्याशी बांधून ठेवले होते, त्याने मांस, आणि मांसाची छायासुद्धा, टाकली ती प्राण्यावरच्या दयेइतकीच स्वतःच्या मानासाठी. तेथे सादृश्य ही क्षुल्लक बाब नव्हे. तेच तर शेजाऱ्याच्या डोळ्यांत दिसावयाचे नसते. त्यांचा नकार मुलीच्या पदार्थावरचा निवाडा नव्हता. तिनेही तो तसा घेतला नाही. त्यांच्यासाठी फणसाची भाजी करावयास उठली, पण फणसही मांसासारखाच दिसतो हे आठवून मध्येच थांबली, आणि मग वरणभातावर निभावले.

जपानात वाटलेल्या टोफूचे तळलेले गोळे करतात. त्यांना ‘गानमोदोकी’ म्हणतात, म्हणजे हंसासारखा. ते खाणाऱ्यांपैकी कितीकांनी रानहंस चाखला असेल? नागपुरात सावजी तर्रीत पाटोड्या सोडतात, त्या मटणाच्या पंक्तीत बसलेल्या शाकाहाऱ्याची सोय म्हणून. माझी मुले सुटीत आजोळी गेली की पहिल्याच दिवशी पाटोडीचा रस्सा मागतात. ती कशाच्या जागी आली, हे त्यांनी अद्याप विचारलेले नाही.