सत्य कोणाला सांगावे?

मद्यपी चालकांना हुडकण्यासाठी लावलेल्या नाक्यांची ठिकाणे ‘वेझ’ या मार्गदर्शक ॲपवर उघड होऊ नयेत, अशी लेखी ताकीद न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने २०१९ च्या फेब्रुवारीत गूगल कंपनीला दिली, तेव्हा वाद वरकरणी कायद्याचा असला, तरी त्याच्या तळाशी कर्णपर्वातला जुनाच प्रश्न होता: जे खरे आहे ते सांगणे प्रत्येक वेळी पुण्यच असते काय?

पळालेल्या निरपराधांची वाट दस्यूंना खरीखुरी दाखवून देणारा कौशिक नरकात गेला, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो; परंतु कौशिकासमोर विचारणारा निदान उभा तरी होता, उलट ॲपवर इशारा देणाऱ्या वाटसरूला आपले सत्य शुद्धीतल्या माणसाच्या हाती पडेल की झिंगलेल्याच्या, याची गंधवार्ताही नसते.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली अशा तपासणीची पूर्वप्रसिद्धी हे तिच्या वैधतेचे एक गमक मानले, आणि ते यथार्थच होते, कारण दंडाचे प्रयोजन गुन्हा टळावा हेच असते. मात्र ‘आज शहरात तपासणी आहे’ ही दवंडी मद्यप्याला घरीच थांबवते, तर ‘पुढल्या वळणावर नाका आहे’ ही सूचना त्याला शेजारच्या गल्लीत, कदाचित एखाद्या पादचाऱ्याच्या अंगावर, नेऊन सोडते.

म्हणून सत्यवचनाचा हिशेब वक्त्याच्या प्रामाणिकपणापाशी संपत नाही. त्याचे फळ ज्याला भोगावे लागेल, त्या तिऱ्हाइताचाही त्यात हिस्सा असतो, आणि मद्यतपासणीच्या ठिकाणाचे इशारे दोन तासांपर्यंत रोखण्याची मुभा फ्रान्सने २०२१ मध्ये प्रशासनाला दिली, ती या हिश्शाचीच दखल म्हणावी लागेल.