नागरिकशास्त्राच्या तासाला खरे सांगावे का?



मी हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवतो. एकदा आठवीच्या वर्गात संसदेचा धडा चालू होता. ‘मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते’ हे वाक्य मुलांना पाठ होते, अर्थ मात्र कुणालाच सांगता येईना. मग मी १७ एप्रिल १९९९ ची हकिकत सांगितली. त्या दिवशी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मते पडली आणि विरोधात २७०. एका मताने देशाचे सरकार गेले! वर्ग चिडीचूप झाला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, खासदार पैसे घेऊन प्रश्न विचारतात, असे माझे पप्पा म्हणतात. खरे आहे का?”

“ते परीक्षेला नाही. खाली बस,” मी म्हणालो.

ती बसली. मला मात्र त्या रात्री चैन पडेना.

मुलांना शासनाची चांगली बाजूच शिकवावी, की दोषही दाखवावेत? कोवळ्या वयात मन कडवट होऊ नये, ही पालकांची काळजी खोटी नाही. पण आपण झाकलेले मुलांना बाहेर कळतेच. मग पुस्तकातले खरेही त्यांना खोटे वाटू लागते.

दुसऱ्या दिवशी मी तिला उत्तर दिले. होय, तसे घडले आहे. डिसेंबर २००५ मध्ये काही खासदार प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडले. दोन्ही सभागृहांच्या समित्यांनी चौकशी केली. त्याच महिन्याच्या २३ तारखेला लोकसभेने १० आणि राज्यसभेने एका खासदाराचे सदस्यत्व रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २००७ साली संसदेचा निर्णय कायम ठेवला.

“म्हणजे चोरी झाली, पण पकडलीसुद्धा गेली,” ती म्हणाली.

पुस्तकाने तिला नियम सांगितला होता, पप्पांनी दोष. दोन्ही खरे, पण अर्धे. चूक झाल्यावर ती सुधारण्याची वाट घटनेत आहे, आणि ती वाट कुणीतरी चालावी लागते, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. तेच तर शिकवायचे असते.

मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात आपणही सहज बोलून जातो, ‘सगळे सारखेच!’ शेजारी मुले ऐकत असतात. १९८९ पासून मतदानाचे वय २१ ऐवजी १८ झाले आहे. आठवीतले मूल पाचेक वर्षांत मतदार होते. ‘सगळे सारखेच’ एवढेच शिकलेले मूल मतदानाला जाईल कशाला?

आज जेवण झाल्यावर मुलांना नागरिकशास्त्राचे पुस्तक काढायला सांगा. एखादे पान बरोबर वाचा. त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला, तर माझ्यासारखे ‘खाली बस’ म्हणू नका.