माळ्यावरचा संसार

आपल्याकडे माळा म्हणजे अडगळ: बियाणे, मोडका पाळणा, लग्नातली भांडी. न्यूयॉर्कच्या सोहो भागात मात्र ओस पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर चित्रकार राहू लागले. जागा स्वस्त होती, उजेड भरपूर होता. 1971 साली तेथे राहण्याची त्यांना रीतसर मुभा मिळाली. मागोमाग धनिक आले. आता उघड्या विटांचे आणि लोखंडी खांबांचेच मोल मोजतात.

छत उंच केले होते ते यंत्रांसाठी, मालासाठी. खिडक्या मोठ्या, त्या काम नीट दिसावे म्हणून. मजुराच्या वाट्याला आलेला उजेड हा वरकडच. तोच आज विकला जातो. अशा घरात सुखाने झोपणे अनीतीचे काय? मला तसे वाटत नाही. वेठीचे हात लागलेल्या वाड्यांत आपलीही लग्ने लागलीच आहेत.

आम्ही काटोलची माणसे कापसाच्या मुलखातली, म्हणून नागपूरची एम्प्रेस मिल आठवते. जमशेटजी टाटांनी ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, म्हणून हे नाव. पुढे मिल बंद पडली. त्या जागेवर मॉल झाला, निवासी इमारती झाल्या. मॉलने नाव राखले, म्हणजे राणीचे! सूत काढणाऱ्यांचे काय राखले?

त्या मानाने वीट राखणारा धनिक बरा. परंतु पाहुण्याने विचारले, तर “जुनी गिरणी होती” एवढेच म्हणून तो चहा पुढे करील. खांबाखांबाची ओळख असलेला एखादा म्हातारा कामगार त्याच शहरात असेलही. पण त्याला फाटकावरचा दरवान आधी विचारील, काम काय?