आरशातलं कोपर

शंकराचार्यांच्या दोन शिष्यांचं आरशावरून पटलं नाही. पद्मपादांच्या मते आरशात दिसतो तो तुमचाच चेहरा; प्रतिबिंब बिंबाहून वेगळं नसतं, फक्त जागा भलतीच भासते. सुरेश्वरांच्या मते तो निव्वळ आभास. चेहरा मानेवर आहे, आरशात काहीच नाही. एम. ए.च्या वर्गाला हा वाद मी वर्षानुवर्षं शिकवला आणि दोन्ही बाजूंना सारखेच गुण देत आले. लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलला नवे आरसे बसवायचे ठरवलं, तेव्हा मात्र बाजू घ्यावी लागली.

गाडी एका सिलिंडरची. ऐंशीच्या पुढे गेली की हँडल थरथरतं आणि आरशातला ट्रक विरघळायला लागतो. वेदान्ताचं उत्तर तयार आहे: पाणी हललं म्हणून चंद्र हलत नाही, थरथर उपाधीची, म्हणजे पाण्याची. कबूल. पण ट्रक थरथरत नाही, एवढ्या ज्ञानावर निपाणीजवळचा तवंदी घाट उतरता येत नाही. ट्रक किती जवळ आलाय, ते कळायला हवं. मिरजेच्या मिस्त्रींनी जाड दांडीचे, वजनदार आरसे काढले. एका हातानं आरसा धरून दुसऱ्या हातानं पाना फिरवत म्हणाले, "मॅडम, हलक्या दांडीत थरथर लगेच चढते. जड आरसा इंजिनाचं सगळंच मनावर घेत नाही." चित्तशुद्धीवर मी बरंच वाचलंय, इतकं नेमकं क्वचितच.

काच बहिर्वक्र. सपाट काच मापाला खरी, पण दाखवते थोडंच. फुगीर काचेत वस्तू लहान होतात, म्हणून लांब वाटतात. त्या बदल्यात पलीकडच्या लेनमधली एसटीही दिसते. अंतराच्या बाबतीत सुरेश्वर जिंकले, हे मान्य करायला हवं. पण ट्रक तोच असतो. त्याला बघून मी डावीकडे सरते, तेव्हा आभासाला वाट देत नसते. मी पद्मपादांच्या बाजूची.

खरी अडचण थरथरीची नव्हतीच. जुन्या आरशाचा निम्मा भाग माझ्याच कोपरानं आणि जॅकेटच्या बाहीनं भरलेला असायचा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञान कसं झाकलं जातं हे सांगताना आरशावरच्या मळाचा दाखला येतो, आणि तेव्हापासून आपल्याकडे आरसा पुसण्याचा उपदेश चालूच आहे. पुसा की! कोपर अधिक स्वच्छ दिसेल. अहंकार हा काचेवरचा डाग असता तर फडकं पुरलं असतं. तो काचेसमोर बसलाय आणि गाडीही तोच चालवतोय. त्याला खाली उतरवून प्रवास होणार कसा?

मिस्त्रींनी मला जागेवरून हलवलं नाही. दांडीखाली एक्स्टेंडर लावून आरसा बाहेर सरकवला. (घेताना आटे विचारून घ्या, यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजवीकडे उलटे आटे असतात.) आता काचेच्या आतल्या कडेला बाहीची बारीक पट्टी तेवढी उरली आहे. तीही घालवता आली असती, पण मी ठेवून घेतली. तिच्यामुळे आरसा कुठे वळलाय ते कळतं. ती नसेल तर मागचा रस्ता नेमका माझ्या कुठल्या बाजूला आहे, याचा अंदाजच लागत नाही. जिवंतपणीच ज्ञान होऊन सुटलेल्या जीवन्मुक्ताचा देह कसा चालतो, असं विचारल्यावर अद्वैती आचार्य अविद्येचा लेश उरतो म्हणतात. वर्गात मला ती पळवाट वाटायची. आता वाटत नाही.

ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या ६५ ओव्यांमध्ये आरशाशिवाय स्वतःला पाहण्याची गोष्ट आहे. चांगदेव वाघावर बसून आले म्हणतात. वाघाला आरसे नसतात, तेव्हा पत्र योग्य माणसाला गेलं. मीही लेन बदलताना मान वळवून आरशाशिवाय बघते, कारण आरशाची कड आणि डोळ्याचा कोपरा यांच्यामध्ये अख्खी स्कूटर लपू शकते. पण तेवढा वेळ समोरचं दिसत नाही, आणि त्याची सोय त्या पासष्टीत नाही.