सोसण्याचें ऋण

युद्धपट पाहून बाहेर पडणारे लोक शौर्याविषयीं पुष्कळ बोलतात. परंतु एकाच्या सोसण्यावर दुसऱ्याचा हक्क कितपत, हा प्रश्न क्वचितच निघतो. सॅम्युएल फुलर यांचा 'मेरिल्स मरॉडर्स' (१९६२) हा अमेरिकन चित्रपट आम्हांस याच प्रश्नापाशीं आणून सोडतो.

१९४४ च्या फेब्रुवारींत जनरल मेरिल यांचे सुमारें तीन हजार सैनिक उत्तर ब्रह्मदेशच्या अरण्यांत शिरले. स्वेच्छेनें पुढें आलेल्यांतून ही पलटण उभारलेली होती. हिंवताप, आमांश व टायफस यांनीं शत्रूच्या गोळ्यांहून अधिक माणसें निकामी केलीं. १७ मे रोजीं मिचिनाचा विमानतळ त्यांनीं घेतला. ऑगस्टांत पलटणच मोडण्यांत आली.

चित्रपटांत वालाबुमच्या लढाईनंतर सुटकेची आशा धरणाऱ्या या माणसांना पुढें चालण्याचा हुकूम होतो. त्यांच्यांत कांहीं उरलें नाहीं, असें डॉक्टर बजावतो. एक म्हातारी मूठभर भात पुढें करते आणि रांगडा सार्जंट रडूं लागतो. तरीही मेरिल त्यांना पुढेंच नेतात. आणि त्यांचें स्वतःचें हृदयही दुबळें झालेलें असतें.

जो स्वतः सोसतो त्याला इतरांकडून तेंच मागण्याचा अधिकार आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस हें मान्य नाहीं. आपल्या वेदान्त्यांनीं तितिक्षेला साधकाच्या गुणांत स्थान दिलें. पण ती साधकानें स्वतः आचरावयाची, दुसऱ्याकडून वसूल करावयाची नव्हे. मग तो हुकूम अन्यायाचा होता काय? तसेंही म्हणवत नाहीं. मिचिना जपान्यांच्या हातीं असेतों चीनकडे रसद नेणाऱ्या विमानांना अधिक उत्तरेच्या, अधिक उंच पर्वतांवरून जावें लागे. गरज खरी होती.

परंतु गरजेनें हुकूम अटळ होतो, ऋणमुक्त होत नाहीं. ज्यानें दुसऱ्याची शेवटची शक्ति मागितली तो त्याचा जन्माचा ऋणी झाला. आणि हें ऋण बुडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्तुति. घरोघरीं हेंच चालतें. सर्वांचें आटोपून मागाहून जेवणाऱ्या बाईस 'तिला सोसण्याची संवयच आहे' असें कौतुकानें म्हटलें, कीं तिचें ताट कोणी वाढावयाचें हा प्रश्न मिटतो. सोसणाऱ्याचा गौरव जरूर करावा. पण त्याच्या डोक्यावरचा भार आपण किती उतरविला, हें आधीं पाहावें.